सुजाता, तुला किरणांनी मारलं नाही

सुजे, तुझ्या फोटोला हार घातला होता, खाली मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि त्या फोटोशेजारी उभं राहून एकामागून एक माणूस माईकवर खोटं बोलत होता. तू असतीस तर मागच्या खुर्चीवरून मला चिमटा काढून म्हणाली असतीस, "ऐक वो शोभे, किती मोठी झाली मी." मला हसू आलं नाही. इतका राग आला की हातातला चहाचा कागदी कप मी चुरगाळला आणि सगळा चहा साडीवर सांडला.

खोटं एकच होतं, पण प्रत्येकाने त्याला आपापला मसाला लावला. सुजाताताई रेडिएशनवर संशोधन करायच्या, आणि त्या रेडिएशननेच त्यांचा घात केला. तुमच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, विज्ञानासाठी आपली लेक शहीद झाली. शहीद! झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी तू. मग ते म्हणाले, मोडण्यातूनच नवं घडतं असं ताई सांगायच्या, तेव्हा आपण रडायचं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझा भाऊ सुखदेव मान खाली घालून बसला होता. बायकांच्या रांगेत तुझी भाची प्रांजली बसली होती, ती सारखी माझ्याकडे बघत होती. आम्हा तिघांना खरं काय ते माहीत होतं. तुझ्या मायला माहीत होतं. आणि तुला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

तू सिकलसेलने गेलीस. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकून बसतात, आणि मग हाडं, छाती, पोट, सगळं पेटतं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दवाखान्याच्या भिंतींवर त्याची चित्रं रंगवलेली आहेत, आशाताई दारोदार फिरून बोटाला सुई टोचतात. सगळ्यांना माहीत आहे आणि कोणाच्याच घरात नाही, असा हा आजार. आपल्याला केवढा अभिमान, की आपण पत्रिका बघत नाही. तुझ्या आजोबांनी छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा पत्रिका आणि मुहूर्त दोन्ही घराबाहेर टाकले. त्यांच्याच नातवंडांच्या घरात आज रक्ताचा रिपोर्ट लपवतात, का, तर पोरीचं जुळलेलं लग्न मोडेल.

आणि या खोट्याचा पहिला बळी तू नाहीस, प्रांजली आहे. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे पोरगी, तुझ्याच संस्थेच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती, तुझ्याच जिवावर. सुखदेवभाऊंनी तिला सांगून टाकलं, परीक्षा बंद. जिथे आत्या मेली तिथे मुलीला पाठवणारा बाप कसला? लोक हेच विचारतील ना. रेडिएशन म्हटलं की पुढचं सगळं आपोआप आलं. स्वतःच रचलेल्या गोष्टीत तो माणूस अडकला, आणि पोरीलाही घेऊन बसला.

तुला आठवतं, नागपूरच्या होस्टेलात आपण एका खोलीत होतो? जानेवारीतली सकाळ होती. तू भिंतीकडे तोंड करून उशी चावत पडली होतीस. मी वॉर्डनबाईंना बोलवायला निघाले तर तू माझं मनगट असं धरलंस की बोटांचे वळ उठले. "कोनाले सांगशील नाई." मग सगळं सांगितलंस, शाळेत असल्यापासूनचं. वरून शब्दही घेतलास, "मी मेली तरी नाई." त्या वयात असले शब्द आपण हसत हसत देतो. मी दिला. तुझ्या अंगाला गरम पाण्याची पिशवी लावत बसले, आणि तू दुखणं विसरायला मला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत होतीस. मला ते कधी जमत नव्हतं. "नवव्या वर्गातल्या पोरीले सांगता आलं पाह्यजे शोभे, नाई तर तुलेच समजलं नाई असं समज." आज मी वरोऱ्याला ज्युनियर कॉलेजात शिकवते ते याच एका वाक्यावर. वर्गात उभी राहिले की रोज तुझी आठवण येते, आणि येतच राहणार.

म्हणूनच जास्त राग येतो. नवव्या वर्गातल्या पोरीला सांगायच्या गप्पा मारणारी तू, स्वतःच्या घरात काय सांगितलंस? नोकरी लागली तेव्हा मायने विचारलं, काय काम करतेस. तू म्हणालीस, "बर्फ बनवते." झालं. सुजाता बर्फाच्या कारखान्यात साहेब आहे, असं गावभर झालं. कोणीतरी तर लग्नाच्या पाण्याच्या ड्रमात टाकायला लाद्या स्वस्तात मिळतील का म्हणून सुखदेवभाऊंकडे आलं. ते फोनवर सांगताना तुला उचकी लागेस्तोवर हसू आलं होतं. पण पुढे ते तुला टोचायला लागलं. एवढं शिकून बर्फच बनवते, असं लोक भाऊंना चिडवायचे. मग एका सुट्टीत तू घरच्यांना ठणकावलंस, "बर्फाचा कारखाना नाई तो. रेडिएशनचं काम हाये माहं." घर एकदम गप्प झालं, आणि तुला ते आवडलं. मी विचारलं, रेडिएशन म्हणजे काय ते सांगितलंस? "जाऊ दे ना वो. कोनाले समजते."

कोणाला समजते! मला समजलं, कारण तू मला तुझी प्रयोगशाळा दाखवलीस. मी मोठ्या अपेक्षेने आले होते. बघते तर स्टीलचं एक पिंप, त्याला चहूबाजूंनी नळ्या, आणि पिठाच्या गिरणीसारखं धकधक करणारं थंडाव्याचं यंत्र. पिंपातली हवा ओढून ओढून जवळजवळ संपवलेली. मधोमध नखाएवढी चकती, शून्याखाली दोनशे साठ अंशांच्या आसपास. तिच्यावर तू पाण्याची, अमोनियाची, मेथॅनॉलची वाफ अगदी जराजराशी सोडायचीस आणि ती तिथेच गोठायची. डोळ्यांना काहीसुद्धा दिसत नव्हतं.

"हाच का तुझा बर्फ?" मी म्हटलं.

"हाच. ताऱ्यांच्या मधातल्या अंधारात धुळीच्या कणांवर असाच जमते. मंग त्याच्यावर किरणं पडत राह्यतात, लाखो वर्षं. तेवढा टाइम मले कोन देते? म्हणून मी बंदूक लावली."

बंदूक म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारी नळी. तू ती चालू केलीस आणि मला पडद्यापुढे बसवलंस. पडद्यावरच्या आलेखाच्या रेघेवर पाण्याची आणि मेथॅनॉलची खूण होती ती हळूहळू लहान होत गेली, आणि जिथे काही नव्हतं तिथे बारीक बारीक उंचवटे उठले. मी विचारलं, हे कोण? "हे नवे. सकाळी पिंपात नव्हते हे." मग दुपारभर तू ती चकती अंशाअंशाने तापवलीस. शेवटी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर चहाचा थेंब वाळल्यासारखा पिवळसर डाग होता. मी म्हटलं, एवढंसं? तू म्हणालीस, "एवढंसंच. बाकी सारं उडून गेलं." त्या डागाकडे बघताना तू मला पार विसरली होतीस.

ते इलेक्ट्रॉन त्या बर्फाच्या वरच्या सालीतच दमून थांबायचे. स्टीलची भिंत ओलांडून तुझ्यापर्यंत यायची त्यांची ऐपत नव्हती. तू छातीला किरणं मोजणारा बिल्ला लावायचीस, तो दर वेळी स्वच्छ परत यायचा. हे सगळं मी तुझ्या तोंडून ऐकलंय. सुखदेवभाऊंनी कधी ऐकलं?

तू सांगू शकत नव्हतीस असंही नाही. आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आलीस तेव्हा समोर कापूस-सोयाबीनच्या गावची पोरं, निम्म्यांचं लक्ष खिडकीबाहेर. तू पडद्यावरची चित्रं बंद केलीस आणि विचारलंस, झाडीपट्टीचं, मंडईच्या जत्रेत रात्रभर चालणारं नाटक कोणी कोणी पाहिलंय? पुष्कळ हात वर झाले.

"मंग ऐका. मंडई भरली हाये, नाटकाच्या मंडपात लोक गच्च बसले हायेत. थंडी अशी की गोधडीतून बोट बाहेर काढवत नाई. तेवढ्यात एक धटिंगण मधातून घुसते आन् नवरा-बायकोच्या हातातला हात सोडवून जाते. आता ते कुठी जातीन? सरकाले जागा नाई, थंडीनं आंग आखडलं. जिथल्या तिथी बसून राह्यतात, एकएकटे. हे झाले तुटलेले रेणू. किरण म्हणजे तो धटिंगण. मंग सकाळ होते, ऊन येते, लोक उठून चालाले लागतात. कोनी आपलं मानूस शोधते, आन् कोनी गर्दीत भलत्याचाच हात धरून घरी जाते. तेच नवं रसायन!"

पोरं बाक वाजवून हसली. एका मुलीने विचारलं, मॅडम, भलत्याचा हात किती जण धरतात? तू एकदम गंभीर झालीस. "लय कमी. बहुतेक आपल्याच घरी जातात. पाणी तुटते आन् पुन्हा पाणीच होते. काही तर मंडपातून बाहेरच फेकले जातात, ते परत येतच नाई. पन जे थोडे राह्यतात ना, त्यांच्यातून साखर, अमिनो आम्लं, असं काही काही बनते. जीव नाई बनत. जिवाले लागते तो कच्चा माल बनते."

त्या दिवशी परत जाताना बसस्टँडवर आपण भांडलो, आणि ते भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे, घुग्घुसला जा, माणसं कोळशाची धूळ खाऊन जगतात, त्या धुळीचं काही कर, ताऱ्यांमधली धूळ कोणाच्या फुप्फुसात जात नाही. तू म्हणायचीस, "दोन्ही धुळी पाह्यल्या पाह्यजे. इथली तू पाह्य, तिथली मी पाह्यते." मी म्हणायचे, मोडणं ते मोडणंच, त्याला गोंडस नाव देऊ नको. तू म्हणायचीस, "मी कुठी गोंडस म्हणते? मी फक्त मोजते." तेव्हा मला तुझं पटत नव्हतं. मुख्याध्यापकांचं भाषण ऐकताना एकदम पटलं. तू कधीही म्हणाली नव्हतीस की मोडण्यातून नवं घडतं म्हणून रडू नका. तू म्हणायचीस, लय कमी घडतं, आणि लाखो वर्षं लागतात. तुझं काम मेल्यानंतर लोकांनी सांत्वनाला वापरलं, आणि तेही चुकीचं वापरलं.

मारलं कोणी ते सांगते. त्या प्रयोगशाळेत एसी असा, की भर मे महिन्यात तू स्वेटर घालून, वरून शाल घेऊन बसायचीस. यंत्रांना गरमी सोसत नाही म्हणे. चकती तापवायला घेतली की दिवसभर जागचं उठता यायचं नाही, उठलं की सगळं वाया. त्यात त्या मजल्यावर बायकांसाठी संडास नव्हता. जिने उतरून दुसऱ्या इमारतीत जावं लागायचं. म्हणून तू पाणीच प्यायची नाहीस. सिकलच्या माणसाने सारखं पाणी प्यावं, थंडीत बसू नये, दमू नये, हे तुला पाठ होतं. एवढं महागाचं यंत्र परदेशातून आणणाऱ्या संस्थेला एक संडास बांधता आला नाही. आणि तुला, मला हा आजार आहे, मला सोय करून द्या, एवढं म्हणता आलं नाही. तुझे वरिष्ठ आदरांजलीला आले होते, छान इंग्रजीत बोलले. मला त्यांना त्या संडासाचं विचारायचं होतं. तुझी माय शेजारी होती म्हणून गप्प बसले.

आणि मग वडसा. सुजे, वडशाचं मी तुला माफ करणार नाही.

प्रांजलीच्या साक्षगंधासाठी तू आली होतीस. मुलाकडचे लोक चांगले, लग्न एमएस्सी झाल्यावरच, हे तूच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतंस. पहाटे वडशाला ट्रेनमधून उतरलीस आणि डिसेंबरच्या थंडीत भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून गावी गेलीस. स्टेशनवर ऑटो उभे होते. आल्या आल्या लाड नकोत, म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत कळा सुरू झाल्या, श्वास पुरेना. नेमके मुलाचे मामा घरी आले होते, त्यांची गाडी दारात होती. त्यांनीच तुला गाडीत घालून वडशाच्या दवाखान्यात नेलं. माणूस भला. हे सगळं मला प्रांजलीने सांगितलं, ती तुझं डोकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली होती.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न तो विचारला. या भागातला डॉक्टर, दुसरं काय विचारणार? "सिकल हाय का पेशंटले?"

मामा शेजारी उभे होते. सुखदेवभाऊ म्हणाले, "नाई साहेब. रेडिएशनचं काम करते ते. त्याचाच तरास असन."

डॉक्टरांनी तुझ्याकडे बघितलं. तू शुद्धीत होतीस. तू मान हलवलीस. नाही.

दोन आलेखांमधला केसाएवढा फरक पक्का झाल्याशिवाय तू निबंध छापायला पाठवायची नाहीस. "पुरावा नाई तर बोलू नये शोभे," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आणि पुरावा तुझ्या छातीत अडकून बसला होता तेव्हा तू खोटी मान हलवलीस. मामा चहा प्यायला खाली गेले तेव्हा प्रांजलीने डॉक्टरांना गाठून खरं सांगितलं. मग धावाधाव झाली, मोठ्या दवाखान्यात हलवलं, रक्त चढवलं. आधी कळलं असतं तर तू वाचलीच असतीस असं कोणी डॉक्टर म्हणत नाही. वाचली नसतीस असंही कोणी म्हणत नाही. ते तू प्रांजलीसाठी केलंस, हे मला कळतं. तिचं लग्न मोडू नये म्हणून. पण तिला विचारलं होतंस का? आत्याच्या जिवाच्या बदल्यात नवरा हवा, असं ती पोरगी म्हणाली होती का कधी?

तुझ्या संस्थेतली माणसं यायची होती म्हणून तुला बर्फावर ठेवलं. लाद्या वडशाहून भुशात घालून आणल्या. माय जवळ बसून त्या ओल्या लादीवरून हात फिरवत होती. मला म्हणाली, "शोभा, असाच बर्फ बनवत होती काय वो हे?" मी नाही म्हटलं. "मंग कसा?" मी तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. सांगायचं काम तुझं होतं, सुजे. एक दुपार मायजवळ बसायचं होतं, दुसरं काय.

तर आदरांजलीचा कार्यक्रम. सगळी मोठी माणसं बोलून झाल्यावर निवेदक म्हणाला, अजून कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर या. आपल्याकडे ही रीत चांगली आहे. बाकी कुठे नसला तरी आदरांजलीला माईक सगळ्यांचा असतो, भांडी घासणारी बाईसुद्धा येऊन बोलते. मी उठले. सुखदेवभाऊंनी मान वर केली, त्यांना कळलं. त्यांनी हात जोडले. खरंच जोडले, मांडीवर, कोणाला दिसणार नाहीत असे.

मी आधी तुझं काम सांगितलं. पिंप, चकती, वाफ, बंदूक. मंडईतली गोधडी आणि धटिंगण, सगळं तुझ्याच शब्दांत. बायका हसल्या. माय माझ्याकडे टक लावून ऐकत होती. मग मी म्हटलं, या बंदुकीतला एक कणसुद्धा सुजाताच्या अंगाला कधी लागला नाही. सुजाताला जन्मापासून सिकलसेल होता. त्याने ती गेली. आणि दवाखान्यात ते सांगायची आपल्याला लाज वाटली, म्हणूनही गेली.

मग मुलाचे मामा उठले आणि चपला घालून बाहेर गेले. सुखदेवभाऊ उभे राहिले. "मॅडम, तुमचं काय गेलं? पोट्टी माही हाये!"

मी म्हटलं, "भाऊ, तुमचंही अजून काही गेलं नाही. प्रांजलीची तपासणी करा, मुलाची करा. ती नुसती वाहक निघाली आणि मुलाचं रक्त साफ असलं तर त्यांच्या लेकरांना हा आजार होत नाही. सुईच्या टोकाएवढी तर गोष्ट आहे." कोणी ऐकत नव्हतं. निवेदक माईक मागत होता. तेव्हा माय बसल्या जागेवरून बोलली, माईकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "खरं बोलली ते. माह्या पोटातूनच आलं ते तिले. मी बी लपवलं, तिले बी लपवाले लावलं. माही पोरगी लाजेनं मेली." आणि पदर तोंडात कोंबून ती इतकी रडली की दोन बायकांनी धरून तिला आत नेलं.

जेवणाच्या वेळी माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. प्रांजली ताट घेऊन आली आणि बसली. आम्ही दोघी जेवलो.

तुला दिलेला शब्द मी मोडला. मला त्याचं वाईट वाटत नाही. तू मला जन्मभराचं कुलूप लावून ठेवलंस आणि स्वतः निघून गेलीस. वीस वर्षांची मैत्री एका गुपितावर तोलून धरायची, आणि त्या गुपितापायी तूच जायची, हा कुठला न्याय? मला तुझ्याशी म्हातारपणीही भांडायचं होतं. माझी तेवढीच मागणी होती.

इथपर्यंत लिहून कागद बाजूला ठेवले होते. फाडून टाकावेत असं वाटत होतं. आज प्रांजलीचा फोन आला.

लग्न मोडलं, सुजे. मामांचा निरोप आला, आपण थांबू या. मुलाने स्वतः काही सांगितलं नाही. सुखदेवभाऊ माझं नाव काढू देत नाहीत, आणि माझा फोन तर उचलतच नाहीत. त्यांचं मी समजू शकते. आज आठवडी बाजार होता, दवाखान्यात आजूबाजूच्या गावांची गर्दी असते. सकाळी त्यांनी प्रांजलीला हाक मारली, मायला हाताला धरून मोटारसायकलवर बसवलं, आणि तिघं आरोग्य केंद्रावर गेले. प्रांजलीला वाटलं, आजीला चक्कर येते म्हणून असेल. भाऊ सरळ रक्ताच्या रांगेत उभे राहिले, आणि बाही वर केली. मागेपुढे सगळी ओळखीची माणसं, सोयरेधायरे, धानाचे व्यापारी.

नर्सबाईंनी खाली बघत बघतच विचारलं, घरात कोणाला सिकल होता का?

प्रांजली मला म्हणाली, "मावशी, बाबा एवढ्या जोरानं बोलले की बाहेरचे लोक आत डोकावले."

"होता," ते म्हणाले. "माह्या बहिनीले, सुजाताले. त्यानंच गेली ते. आता माहं पाह्य, माह्या पोरीचं पाह्य, आन् माह्या मायचं बी पाह्य."

परत येताना त्यांनी गाडी चालवता चालवता मागे न बघता प्रांजलीला विचारलं, प्रवेश परीक्षेचा पेपर कोणत्या दिवशी आहे. तिने सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. घरी आल्यावर तिच्या खोलीतला गेलेला बल्ब मात्र बदलून दिला.

फोन ठेवल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. एवढंच तर बोलायचं होतं गं. चारचौघांत, मोठ्याने, एक वाक्य. सुखदेवभाऊंना जमलं. तुला का नाही जमलं, सुजे?